एका डोळ्यासाठी वर्तुळ: खोलीभर विखुरलेला आकार एका जागेवरून जुळवायचा कसा

कॉलेजांच्या फेस्टिव्हलचा मोसम आला की मला एकाच धर्तीचे फोटो येऊ लागतात. खांबावर लाल पट्टा, मागच्या भिंतीवर लाल पट्टा, जमिनीवर लाल पट्टा आणि खाली प्रश्न: ‘सगळं मोजून केलं, तरी जुळत का नाही?’ काम प्रामाणिक असतं, रंगही बरा असतो. चूक बहुतेक वेळा रंगाचा डबा उघडण्याच्या दोन दिवस आधीच झालेली असते. आकार आधी ठरतो आणि तो कुठून बघायचा हे नंतर.

मांडणशिल्पाचा हा प्रकार बहुतेकांनी फोटोत पाहिलेला असतो. खोलीत शिरताना रंगाचे तुकडे इकडेतिकडे सांडल्यासारखे दिसतात. एका विशिष्ट जागी डोळा नेला की ते जुळून हवेत तरंगणारं सपाट वर्तुळ होतं आणि पाऊलभर सरकलं की मोडतं. आपल्याकडच्या थ्रीडी रांगोळ्या याच घराण्यातल्या. त्या एकाच सपाट जमिनीवर असतात म्हणून सोप्या. इथे भिंत, खांब, जमीन आणि छत हे सगळे कागदाचं काम करतात.

असं होतं, कारण डोळ्यात पोचणारा प्रकाशकिरण कोणत्या दिशेनं आला एवढंच सांगतो. किती लांबून आला, हे सांगत नाही. ते अंतर मेंदू इतर खुणांवरून काढतो: दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला फरक, आपली हालचाल, सावल्या, पृष्ठभागाचा पोत आणि चकाकी. खाली जे काही करायला सांगितलं आहे, ते यातल्या एकेका चुगलखोराचं तोंड बंद करण्यासाठी आहे.

लेखभर मी एकच खोली धरतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील. खोली ५ मीटर रुंद, छत ३०० सेंमी उंच. डोळ्याची जागा जमिनीपासून १५० सेंमी वर. तिथून मागची भिंत ७ मीटरवर आणि डाव्या हाताला एक चौकोनी खांब ३.५ मीटरवर. आकार म्हणजे ३४० सेंमी व्यासाचं वर्तुळ, २० सेंमी जाड पट्ट्याचं. ही मापं मागच्या भिंतीच्या प्रतलावरची.

## १. आधी डोळा, मग बाकी सगळं

खोलीत शिरल्यावर लगेच टेप काढू नका. अर्धा तास नुसते फिरा. एक डोळा मिटून, फोन हातात धरून. जिथून पुढे-मागे असलेल्या दोन-तीन गोष्टी एकमेकींवर येतात, अशी जागा शोधा. खांबामागे भिंत, भिंतीला लागून जमीन, वर तुळई. समोर नुसती सपाट भिंत असेल तर तिथे हे करू नका. ते भिंतीवर काढलेलं वर्तुळ होईल.

दुसरा निर्णय इथेच घ्यायचा: हे काम माणसासाठी आहे की कॅमेऱ्यासाठी? फ्रेंच कलावंत जॉर्ज रूस पडक्या इमारतींत अशी मांडणी करतो, पण त्याचं अंतिम काम म्हणजे छायाचित्र. फेलीचे वारिनी या स्विस कलावंताचं काम मात्र लोक त्यात चालत फिरावेत यासाठी असतं. फोटोसाठी असेल तर डोळ्याची जागा शिडीवर किंवा जमिनीलगत, कुठेही चालते. माणसासाठी असेल तर सर्वसाधारण प्रौढाचा डोळा पोचेल अशी उंची हवी. मी १५० सेंमी धरतो. उंच माणूस थोडा वाकेल, पण बुटका माणूस ताणून वाढणार नाही.

आता सगळ्यात उपयोगाचं गणित. डोळा बाजूला सरकला की जवळच्या आणि लांबच्या तुकड्यांचा सांधा किती उसवेल?

उसवण = डोळा सरकलेलं अंतर × (लांबचं अंतर − जवळचं अंतर) ÷ जवळचं अंतर

आपल्या खोलीत डोळा ५ सेंमी सरकला तर ५ × (७ − ३.५) ÷ ३.५, म्हणजे मागच्या भिंतीवर ५ सेंमी. २० सेंमीच्या पट्ट्यात ही पाव पट्ट्याची पायरी झाली आणि ती लगेच दिसते. हाच खांब ६ मीटरवर असता तर उसवण एक सेंटिमीटरही झाली नसती. मग ते चुकायलाही अवघड आणि बघायलाही मिळमिळीत. जवळच्या-लांबच्यातलं अंतर वाढवाल तसा चमत्कार वाढतो आणि धोकाही.

गणेशोत्सवाच्या मंडपासारख्या सतत सरकणाऱ्या गर्दीसाठी करायचं असेल तर उलट जा. डोळ्याची जागा लांब ठेवा आणि जवळच्या-लांबच्यातलं अंतर कमी. १२ आणि १४ मीटरवरच्या दोन पडद्यांत २० सेंमी सरकूनही ३-४ सेंमीच उसवण होते. रांगेतल्या माणसाला एवढं खपतं.

सावधान: सगळ्यात जवळचा तुकडा डोळ्यापासून ३ मीटरच्या आत आणू नका. दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ सेंमी अंतर असतं. म्हणजे आपल्या खोलीत उजव्या आणि डाव्या डोळ्याला दिसणाऱ्या सांध्यांत ६ सेंमीचा फरक आधीच आहे. म्हणूनच शेवटी प्रेक्षकाला एक डोळा मिटायला सांगावं लागतं.

## २. डोळ्याची जागा खिळ्यासारखी पक्की करणं

हे कंटाळवाणं काम आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. मीही केली आहे. एका कॉलेजच्या जिन्यात आम्ही रात्री दीडपर्यंत अर्ध्या खुणा केल्या आणि ट्रायपॉड तसाच ठेवून घरी गेलो. सकाळी झाडलोट करताना कुणीतरी तो उचलून बाजूला ठेवला आणि मग भल्या मनानं ‘होता तिथे’ परत आणून ठेवला. चार सेंटिमीटर चुकला. वरचं अर्धं वर्तुळ एका डोळ्याचं, खालचं अर्धं दुसऱ्याच डोळ्याचं. रंग लावून होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा असं करा. छतातल्या हुकाला किंवा आडव्या बांबूला ओळंबा बांधून जमिनीवर बरोबर खाली फुली मारा आणि तिच्यावर पारदर्शक टेप चिकटवा. फुलीपासून खोलीतल्या तीन न हलणाऱ्या कोपऱ्यांची अंतरं मोजून वहीत लिहा. ओळंब्याच्या दोऱ्यावर जमिनीपासून १५० सेंमीवर गाठ मारा. ती गाठ म्हणजे तुमचा डोळा. उद्या ट्रायपॉड गेला, ओळंबा गेला, तरी वहीवरून तो परत मिळतो.

तपासणी: ट्रायपॉड मुद्दाम उचलून बाहेर नेऊन ठेवा आणि फक्त वहीतल्या आकड्यांवरून परत लावा. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आला तरच पुढे.

## ३. आकार निवडणं आणि चुका आधी खोक्यात करून बघणं

वर्तुळ, त्रिकोण, तिरके पट्टे, एकात एक चौकोन. बस्स. अर्धा झाकला तरी मेंदू जो आकार आपणहून पुरा करतो, तोच इथे चालतो. कॉलेजचं नाव, लोगो, ‘वेलकम’ असं काही करायचा आग्रह होईल, शक्यतो टाळा. अक्षरं दिसली की माणूस वाचतो, समजलं म्हणतो आणि निघून जातो. वर्तुळापाशी तो मागे-पुढे होत राहतो. ठळक, एकाच रंगाचा, छटा नसलेला आकार घ्या. पट्ट्याला काळी किनार काढायची हौस असेल तर ती आवरा, कारण प्रत्येक सांध्यावर ती किनार आधी फसते.

पट्टा फार बारीक नको. पाच सेंमीच्या पट्ट्यात पाच सेंमीची उसवण म्हणजे पट्टा पूर्ण तुटला. वीस सेंमीत तीच चूक दिसते, पण पट्टा तुटत नाही.

मग बुटांचं खोकं घ्या. साधारण १:२५ या प्रमाणात पुठ्ठ्याचा खांब आत उभा करा आणि समोरच्या बाजूला डोळ्याच्या उंचीवर काडेपेटीच्या काडीएवढं भोक पाडा. भोकातून बघत, लांब काडीला लावलेल्या ब्रशनं आत आकार रंगवा. तासाभराचं काम. ते वेडंवाकडं होईल, पण खांबाची कोणती बाजू दिसते, पट्टा जमिनीवर कुठवर धावतो आणि छताला लागतो का, हे तिथेच कळतं.

## ४. जागेची तयारी

भिंतीची धूळ झाडून ओल्या फडक्यानं पुसा. पोपडे निघत असतील तर खरवडून पुट्टी आणि प्रायमर. चकचकीत ऑइलपेंटची भिंत असेल तर पॉलिश पेपर मारून तिची चकाकी उतरवा, नाहीतर नवा रंग धरणार नाही आणि दिव्याचं प्रतिबिंब सगळं उघडं पाडेल.

मास्किंग टेपची चाचणी आधी घ्या. वीतभर टेप दाबून लावा, रात्रभर ठेवा आणि ओढा. जुना रंग सोबत निघाला तर ही भिंत तशीच रंगवायची नाही. आधी तिचा रंग पक्का करा.

आता वर बघा. छताचा पंखा! डोळ्यापासून भिंतीपर्यंतच्या वाटेत पंखा, ट्यूबलाइट, लोंबती वायर, नोटीसबोर्ड, घड्याळ, जे जे येतं ते एकतर काढायचं किंवा त्यावरही रंग चढवायचा. फिरणाऱ्या पंख्याला तिसरा पर्याय नाही.

सावधान: जुनी दगडी वास्तू, मंदिर, किल्ला, वाडा असेल तर थेट रंगाचा विचारही नको, आणि लेखी परवानगीशिवाय चिकटपट्टीही नको. २०१८ साली फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटबंदीवर वारिनीनं पिवळी एककेंद्री वर्तुळं केली, तेव्हा दगडावर रंग लावला नाही. रंगवलेल्या पातळ ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या चिकटवल्या. आपल्या वर्गखोलीसाठी मॅट विनाइल, म्हणजे चकाकी नसलेला, चिकटवता येणारा प्लास्टिकचा कागद, हा त्याचा गरीब भाऊ. बाहेर पडायचा रस्ता, जिन्याचा कठडा आणि आग विझवण्याची नळकांडी यांवर काहीही येता कामा नये.

## ५. खुणा: रात्र, एक ठिपका दिवा आणि पुठ्ठा

बहुतेक जण प्रोजेक्टर मागवतात. चालतो, पण त्यात तीन फसव्या गोष्टी आहेत. पहिली: प्रोजेक्टरची काच बरोबर डोळ्याच्या जागी हवी. सर्वसाधारण प्रोजेक्टर जितक्या अंतरावर असतो त्याच्या साधारण दोन-तृतीयांश रुंदीचं चित्र टाकतो. ७ मीटरवर ते सुमारे ४६७ सेंमी रुंद, पण १६:९ चौकटीत उंची जेमतेम २६२ सेंमी. आपलं ३४० सेंमीचं वर्तुळ त्यात मावत नाही. मग लोक काय करतात, तर प्रोजेक्टर मागे नेतात. झालं, डोळा सरकला! दुसरी: तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी कीस्टोन नावाची सुधारणा आपोआप चालू असते, ती वर्तुळाचं अंडं करते. ती बंद करा. तिसरी: भिंतीवर फोकस केला की खांबावरची कडा पुसट होते. खांबासाठी फोकस फिरवला की चित्राचा आकारही किंचित बदलतो.

मला दिवा आणि पुठ्ठाच बरा वाटतो. रोममधल्या सांत इग्नात्सियो चर्चच्या छतावर खोटं आकाश रंगवणाऱ्या आंद्रेआ पोत्सोनं याच जातीची युक्ती लिहून ठेवली आहे: छताखाली दोऱ्यांचं जाळं ताणायचं आणि डोळ्याच्या जागी दिवा लावून त्याची सावली कमानीवर पाडायची. आपण जाळ्याऐवजी थेट आकाराचाच पुठ्ठा कापू.

पुठ्ठा. दिव्यापासून बरोबर १०० सेंमीवर तो उभा राहणार. भिंत ७ पट लांब, म्हणून ३४० ÷ ७ = ४८.६ सेंमी बाहेरचा व्यास आणि ३०० ÷ ७ = ४२.९ सेंमी आतला. ६० × ६० सेंमीच्या जाड पुठ्ठ्यात हे कडं कापा. आतली चकती पडू नये म्हणून चार ठिकाणी सेंटिमीटरभर रुंदीचे पूल सोडा. पूल खुणेच्या वेळी अडत नाहीत. तेवढी जागा नंतर जोडून घेता येते.

दिवा. मोबाइलचा फ्लॅश चालतो, भिंग किंवा परावर्तक असलेली टॉर्च नाही. अनेक फोनांत फ्लॅशसाठी शेजारी-शेजारी दोन एलईडी असतात आणि मग भिंतीवर प्रत्येक कडा दोनदा उमटते. काळ्या टेपला २ मिमीचं भोक पाडून फक्त एका एलईडीवर लावा. भोक लहान का? ३ मिमीचा उघडा दिवा भिंतीवर १८ मिमी रुंद पुसट कडा देतो. २ मिमीच्या भोकातून ती १२ मिमी होते. उजेड कमी होतो, म्हणून काम रात्री, खिडक्यांना काळं कापड लावून.

जोडणी. दिवा ओळंब्याच्या गाठीच्या जागी. पुठ्ठ्याचा मध्य दिव्याच्याच उंचीला; पाणसळीनं किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं तपासा. पुठ्ठा सरळ उभा आणि भिंतीला समांतर. पुठ्ठ्याचा मध्य १ सेंमी चुकला तर भिंतीवर वर्तुळ ७ सेंमी सरकतं, हे लक्षात असू द्या.

आता खुणा. क्रम असा ठेवा:

१. जिथे एक पृष्ठभाग संपून दुसरा सुरू होतो, तिथल्या खुणा आधी. खांबाच्या कडा, भिंत आणि जमीन यांचा कोन, भिंत आणि छत यांचा कोन. सांधे बरोबर असतील तर मधलं माफ होतं.
२. मग सपाट भागांत दर १५ सेंमीवर एक खूण. गोल खांब असेल तर दर ३ सेंमीवर.
३. पुसट कडेच्या मध्यावर खूण करा. कधी उजेडाच्या बाजूला, कधी अंधाराच्या बाजूला असं नको.
४. खूण करणाऱ्यानं प्रकाशाच्या बाहेर उभं राहून फक्त हात आत घालायचा. नाहीतर स्वतःच्याच सावलीवर खुणा होतात.

भिंतीवर पेन्सिल, जमिनीवर खडू. स्केचपेन नको, तो इमल्शनमधून वर येतो.

सावधान: हे काम लेझर पॉइंटरनं करायचा मोह होतो. खोलीत तीन-चार जण शिडीवर असताना लेझर डोळ्यांत जाण्याची शक्यता फार. दिवसा काम करायची वेळ आली तर डोळ्याच्या जागेपासून पुठ्ठ्याच्या कडेवरून भिंतीपर्यंत तंगूस ताणा. साधा दोरा ७ मीटरवर झोळ खातो, तंगूस कमी.

## ६. खुणा जोडणं

मागची भिंत पुठ्ठ्याला समांतर आहे, म्हणून तिच्यावर खरंखुरं वर्तुळच पडायला हवं. हीच तुमची सगळ्यात मोठी तपासणी.

तपासणी: भिंतीवर १५० सेंमी उंचीला मध्य धरा आणि टेपनं प्रत्येक खुणेचं अंतर मोजा. बाहेरच्या खुणा १७० सेंमीवर, आतल्या १५० वर. दोन सेंमीपर्यंतचा फरक हाताचा आहे. एका बाजूला सगळ्याच खुणा ४-५ सेंमी जास्त येत असतील तर पुठ्ठा तिरका किंवा सरकलेला होता. इथे कंटाळा न करता खुणा पुसून परत करा.

जमिनीवर मात्र वर्तुळाचा तुकडा शोधू नका. अक्ष जमिनीला समांतर असलेला प्रकाशाचा शंकू तिला कापतो, तेव्हा मिळते ती शाळेतली अपास्त नावाची वक्ररेषा. आपल्या मापांत आतली कड भिंतीच्या पायथ्याला फक्त स्पर्श करते. बाहेरची कड पायथ्याशी मध्यापासून दोन्हीकडे ८० सेंमीवर सुरू होते आणि मध्यभागी भिंतीपासून तब्बल ८२ सेंमी पुढे येते. (८०, १५०, १७० हे ८-१५-१७ चं काटकोनी त्रिकुट आहे, मोजताना उत्तर इतकं नेटकं आलं की बरं वाटतं.) भिंतीवर २० सेंमी दिसणारा पट्टा जमिनीवर ८२ सेंमी होतो, हे बघून नवखे लोक घाबरतात आणि ‘जरा जास्तच झालं’ म्हणून तो कमी करतात. करू नका. जमिनीवर तो राक्षसी दिसलाच पाहिजे. छतावरही तसाच, कारण आपलं छत डोळ्यापासून तेवढंच वर आहे.

खुणांमधून रेघ ओढायला वायरिंगची पीव्हीसी पट्टी वाकवून धरा. दोघांनी धरायची, तिसऱ्यानं रेघ ओढायची. नुसत्या हातानं काढलेली वक्ररेघ डोळ्याच्या जागेवरून लगेच ओळखू येते.

खांबाबद्दल दोन शब्द जास्त. समोरची बाजू सगळे रंगवतात, आतली, म्हणजे खोलीच्या मध्याकडची, विसरतात. आपला खांब ३० सेंमी चौरस आहे, त्याची आतली कड मध्यरेषेपासून ६० सेंमीवर. डोळ्याच्या जागेवरून त्याची ३० सेंमी खोल आतली बाजू भिंतीच्या मापात जेमतेम ९-१० सेंमीची चीर दिसते. ती चीर रंगवायची राहिली तर वर्तुळात उभी पांढरी फट पडते. आणि तिथून न दिसणारी, खांबाची बाहेरची आणि मागची बाजू कोरी ठेवायची. तिथे ब्रशचे फटकारे उमटले की बाजूनं येणाऱ्याला काम गबाळं वाटतं. समोरच्या बाजूवर पट्टा भिंतीच्या निम्म्या मापाचा म्हणजे १० सेंमीचा येईल. तसा येत नसेल तर काहीतरी चुकलं आहे.

## ७. टेप आणि रंग

वळणांसाठी १२ मिमीची मास्किंग टेप घ्या. २४ मिमीची वळत नाही, चुण्या पडतात आणि चुणीखाली रंग शिरतो. टेप नेहमी रेघेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे जो भाग रंगवायचा नाही त्यावर. तासभर काम झालं की कोणीतरी हमखास उलट्या बाजूला लावतं आणि पट्टा तिथे टेपच्या रुंदीनं बारीक होतो. रंगवायच्या भागात पेन्सिलीनं छोटे ‘र’ लिहून ठेवा.

टेप लावून झाल्यावर लगेच लाल रंग नको. आधी टेपच्या कडेवरून भिंतीच्याच मूळ रंगाचा एक पातळ हात फिरवा. कुठे रंग झिरपायचा असेल तर तो भिंतीचाच झिरपेल आणि त्यानंतर लाल रंगाला आत शिरायला वाट उरणार नाही. धारदार कडेचं सगळं श्रेय या एका हाताला जातं.

रंग मॅट इमल्शन. लाल आणि पिवळे रंग झाकतात कमी. तीन हात धरून चाला. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप काढा, कडेपासून मागे दुमडत, सावकाश. जमिनीवर रंग नको, घसरायला होतं. मॅट विनाइल कापून लावा. दोनच दिवसांचा कार्यक्रम असेल आणि तो कोपरा येण्याजाण्याच्या वाटेत नसेल तर रांगोळीही चालते, आणि मला ती जास्त आवडते. पण शेजारचा पंखा बंद.

आता एक त्रास, जो पहिल्यांदा करणाऱ्याला कळतच नाही. एकच लाल रंग भिंतीवर एक दिसतो, छतावर काळपट दिसतो आणि जमिनीवर उजळ. उजेड प्रत्येकावर वेगळा पडतो. कडा जुळल्या तरी छटा तुटल्या की आकार सपाट होत नाही.

तपासणी: शेवटचा हात देण्याआधी त्याच रंगात थोडा पांढरा मिसळून दोन फिक्या छटा करा. तिन्ही छटा कागदांवर रंगवून छतावर आणि खांबावर लावा, डोळ्याच्या जागेवरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. जी छटा भिंतीच्या लालशी करड्या रंगात मिसळून जाते, ती त्या पृष्ठभागासाठी घ्या. प्रदर्शन ज्या वेळी, ज्या दिव्यात असेल त्याच वेळी हे करा. दुपारी जुळवलेलं संध्याकाळी जुळत नाही.

## ८. उजेड

खांबाची सावली मागच्या भिंतीवर पडली की मेंदूला कळतं, खांब पुढे आहे. सावली घालवायची सोपी युक्ती: मुख्य दिवा डोळ्याच्या जागेच्या अगदी मागे आणि जरासा वर लावा. डोळ्याच्या बाजूनं उजेड आला की प्रत्येक सावली त्या-त्या वस्तूच्या मागे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या जागी जाते. बाजूच्या खिडक्या झाका. फार वर लावलात तर खांबाखाली सावली डोकावते. फार खाली लावलात तर प्रेक्षकाचीच सावली वर्तुळावर पडते.

## ९. माणसाला तिथवर आणणं

दारातून शिरताच समोर पूर्ण वर्तुळ दिसत असेल तर पुढे बघायला काही उरत नाही. दार एका बाजूला असावं, डोळ्याची जागा पाच-सात पावलांवर आणि मधल्या वाटेवर तुकडे तुकड्यांसारखेच दिसावेत. ते तुकडेही बघण्यासारखे झाले पाहिजेत, कारण माणूस या खोलीतला बराचसा वेळ त्यांच्यातच घालवणार आहे. खोक्याच्या नमुन्यात हेही बघून घ्या: बाजूनं दिसणारा जमिनीवरचा तो ८२ सेंमीचा ढब्बू तुकडा खोलीत शोभतो का?

‘इथे उभे राहा’ अशी पावलं चिकटवू नका. मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बांगडी. छतापासून तंगुसानं एक बांगडी बरोबर १५० सेंमीवर, ओळंब्याच्या गाठीच्या जागी टांगा. माणसं आपोआप तिच्यात डोळा घालतात, आपोआप दुसरा मिटतात आणि वाकायचं किती, हेही सांगावं लागत नाही. पोत्सोच्या चर्चमध्ये जमिनीवर संगमरवरी चकती आहे, पण तिथलं छत इतकं उंच की डोळा हातभर खाली-वर झाला तरी फरक पडत नाही. आपल्याला तशी सवलत नाही. लहान मुलांसाठी शेजारी २० आणि ४० सेंमीची दोन स्टुलं ठेवा, न हलणारी.

फोटोसाठी सूचना: १x ची लेन्स वापरायला सांगा. फोनचा मध्य बांगडीत धरला जातो, पण लेन्स फोनच्या कोपऱ्यात असते. डोळा ५ सेंमी सरकल्यावर काय होतं ते वर मोजलं आहेच. लेन्स बांगडीत हवी.

## १०. उद्घाटनाआधीचा शेवटचा फेरा

बांगडीतून एक डोळ्यानं सांध्यांची यादी करत बघा, प्रत्येक सांधा वेगळा. एक जण बघेल, दुसरा शिडीवर बारीक ब्रश घेऊन. ‘डावीकडे, अजून, थांब’. अर्ध्या सेंटिमीटरचे फरक असेच जातात. एखादा सांधा तीन सेंमीहून जास्त चुकलेला दिसला तर ब्रशला हात लावू नका. आधी वहीतल्या तीन अंतरांवरून बांगडी तपासा. दहापैकी सात वेळा भिंत बरोबर असते, बांगडीच सरकलेली असते.

उतरवतानाचं एक आधीच सांगून ठेवतो: लाल इमल्शनवर थेट पांढरा मारला की गुलाबी झाक कितीही हात दिले तरी वर येत राहते. आधी प्रायमर, मग पांढरा. भिंत ज्यांची आहे त्यांच्याशी बोलताना या प्रायमरचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.